कॅलिपर, कुबडी आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग: बी.एड. इंटर्नशिपच्या शाळेबद्दल जरा सविस्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं. तू खानापूर तालुक्यातली, उजव्या पायाला कॅलिपर म्हणजे आधाराचा धातूचा पट्टा, हातात एक कुबडी, सर्टिफिकेटवर अपंगत्व ६५ टक्के. बेळगावच्या एका कॉलेजात बी.एड.ला आहेस, ॲडमिशनच्या वेळी ऑफिसात "मी कोणतीही विशेष सोय मागणार नाही" असं स्टँप पेपरवर लिहून घेतलं, आणि आता दुसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपला जांबोटीच्या पुढची शाळा दिलीय. दोन बस बदलायच्या, वर्ग वरच्या मजल्यावर, हेडमास्तर म्हणतात पडलीस-बिडलीस तर आमच्यावर येईल, दुसरीकडे बघ, आणि कॉलेज म्हणतं लिस्ट पुढं गेली आता बदल होत नाही. वर तू विचारतेस की ९० टक्के हजेरीचं काय, आणि हे सगळं मागितलं तर मार्क कापतील का.

तुला तू म्हणते, रागावू नको, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या. २४ वर्षं बी.एड. कॉलेजात काढली, त्यातली १३ वर्षं इंटर्नशिप माझ्याकडेच होती म्हणजे शाळा ठरवणं, बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला खेपा, हेडमास्तरांची मनधरणी, सगळं. त्यामुळे हे जे "लिस्ट गेली आता काही होत नाही" आहे ना, ते मी स्वतः पण कितीतरी पोरांना सांगितलंय. होतं. लिस्टमधलं एक नाव बदलायला एक पत्र लागतं आणि ते पत्र टाईप करायचा कंटाळा असतो, एवढंच.

आधी त्या स्टँप पेपरचं. ते डोक्यातून काढून टाक. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात भेदभावाची जी व्याख्या दिलीय त्यातच लिहिलंय की वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभाव. म्हणजे तुला वेगळं सिद्ध करायला नको की बघा हे माझ्याशी वाईट वागले, सोय नाकारली की झालं. आणि त्याच कायद्याचं १६ वं कलम सरकारी आणि मान्यताप्राप्त अशा सगळ्याच शिक्षण संस्थांबद्दल बोलतं, प्रवेश देताना भेदभाव नको, इमारत वापरता आली पाहिजे, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे सोय झाली पाहिजे. आता कायद्याने दिलेली गोष्ट शंभर रुपयाच्या कागदावर लिहून घेतली म्हणून जात नाही. त्या कागदाची झेरॉक्स मात्र मिळाली तर घेऊन ठेव, कारण उद्या तक्रार करायची वेळ आलीच तर तो कागद त्यांच्या नाही, तुझ्या बाजूने बोलतो, ॲडमिशनच्या दिवशीच ह्यांच्या मनात काय होतं ते त्यांनीच लिहून दिलंय.

ॲडमिशनबद्दल अजून एक, कारण खाली वाचणारी बरीच मुलं अजून फॉर्म भरायच्या तयारीत असतील. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ३२ व्या कलमाने किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आहेत आणि वयाची अट ५ वर्षं शिथिल आहे. हे ४० टक्के फक्त जागेसाठी, हा. सोयीसाठी नाही. सुप्रीम कोर्टाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमारच्या केसमध्ये हे अगदी स्पष्ट केलंय, त्याला हाताच्या त्रासामुळे लिहिता येत नव्हतं, लेखनिक नाकारला होता का तर म्हणे ४० टक्क्यांत बसत नाही, कोर्ट म्हणालं सोय मिळायला ४० टक्के लागत नाहीत. त्यामुळे तुझ्या वर्गात कुणी ३० टक्केवाली असेल जी गप्प बसली असेल तर तिला पण सांग. आणि मुलाखतीत "तुम्ही वर्ग कसा सांभाळणार?" हा प्रश्न सगळ्यांना विचारत असतील तर बिनधास्त उत्तर द्यावं, फक्त कुबडीवालीला विचारला तर तो प्रश्न नाही, तो नकार आहे, आधीच ठरवलेला.

आपल्या सीमाभागात एक वेगळंच त्रांगडं असतं. चंदगड-गडहिंग्लजकडची पोरं बेळगावला शिकायला येतात, त्यांचं सर्टिफिकेट कोल्हापूरचं, आणि इथला क्लार्क म्हणतो हे कर्नाटकाचं नाही, चालत नाही. चालतं. कायद्यात लिहिलंय की सर्टिफिकेट देशभर वैध. राखीव जागेला राज्याचा रहिवासी असण्याची अट लागू शकते, तो वेगळा विषय, पण सोय मागायला कोल्हापूरचा शिक्का आणि बेळगावचा शिक्का सारखाच. शब्दांचा पण घोळ आहे आपल्याकडे, महाराष्ट्रात दिव्यांग, इथल्या सरकारी कागदावर अंगविकल नाहीतर विकलचेतन, कॉलेजच्या फॉर्मवर पीएच (फिजिकली हँडिकॅप्ड), आणि गावात काय म्हणतात ते तुला माहितीच. अर्जात सरळ यूडीआयडी म्हणजे देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा नंबर टाक, मग कुठला का शब्द असेना.

आता मुद्द्याचं. तुझी सोय करायची जबाबदारी कुणाची, शाळेची की कॉलेजची? इथंच सगळे चेंडू ढकलतात. हेडमास्तर म्हणतात ही आमची विद्यार्थिनी नाही, कॉलेज म्हणतं ती इमारत आमची नाही. पण इंटर्नशिप ही कोर्सचाच भाग आहे ना? एनसीटीई म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाची जी राष्ट्रीय परिषद, तिच्या २०१४ च्या नियमात ती किमान २० आठवड्यांची सांगितलीय, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. ती केल्याशिवाय डिग्री नाही. मग कोर्स ज्याचा, शाळा निवडली ज्यांनी, जबाबदारी पहिली त्यांची. इमारतीत रॅम्प नाही ह्याबद्दल शाळेला वेगळं बोलता येईल, पण ती भानगड तू ह्या सोळा आठवड्यांत सोडवायची नाहीस. तुझा अर्ज प्रिन्सिपलच्या नावे जाणार, हेडमास्तरांच्या नाही. हेडमास्तरांशी गोड बोलायचं.

इथं माझीच एक चूक सांगते, कारण तुझं कॉलेज तुला उद्या बहुतेक हीच ऑफर देईल. इंटर्नशिप नवीनच माझ्याकडे आली होती तेव्हा एक मुलगी होती, दोन्ही पाय अधू, व्हीलचेअर. मला वाटलं आपण किती चांगले, तिला कॉलेजच्या शेजारचीच शाळा दिली, आणि तिथं वर्ग नको म्हणून लायब्ररीत पाच-सहा शहाणी पोरं बसवून तिचे लेसन करून घेतले, हजेरी पण जरा ढिली धरली. तिची आई माझ्या पाया पडली होती. दोनेक वर्षांनी ती मुलगी एका शाळेत मुलाखतीला गेली, त्यांनी डेमो लेसन द्यायला वर्गात नेलं, ५२ पोरं. ती म्हणाली बाई, मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या पोरांसमोर बसले, मागच्या बाकावरची दोघं भांडायला लागली आणि मला काय करायचं तेच कळेना. मला कुणी शिकवलंच नव्हतं. नोकरी गेली ती तिच्या पायांमुळे नाही, माझ्या दयेमुळे गेली. मी तेव्हापासून ठरवलंय, लेसन कमी करणार नाही, पोरं कमी करणार नाही, दिवस कमी करणार नाही. बाकी जे म्हणाल ते बदलू. तर तुला कुणी म्हणालं की तू घरीच लेसन प्लॅन लिही, सही आम्ही करतो, तर हात जोड आणि नाही म्हण.

मग मागायचं काय? अर्जात "मी दिव्यांग असून मला सहकार्य करावे" असलं काही लिहू नको, त्यावर "सहकार्य करण्यात येईल" असा शेरा येतो आणि विषय संपतो. वस्तू लिही. तळमजल्यावरचा वर्ग. एका बसने जाता येईल अशी शाळा, स्टॉपपासून चालायचं अंतर तुला जेवढं झेपतं तेवढं, आकडा टाकून. वर्गात हात असलेली खुर्ची. आणि संडास.

ह्या संडासावर जरा थांबते कारण ह्यावर कुणी बोलत नाही आणि पोरी तर नाहीच नाही. गुडघ्यात न वाकणारा कॅलिपर लावून भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही हे पुरुष प्रिन्सिपलांच्या डोक्यात येतच नाही, त्यांचा दोष नाही, कुणी सांगितलेलंच नसतं. मग आमच्या मुली काय करतात, सकाळी चहासुद्धा न पिता निघतात, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, साडेचारला शाळा सुटेस्तोवर. एकीला ह्यातनंच लघवीचं इन्फेक्शन होऊन आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तो आठवडा तिच्या हजेरीतून गेला. आता बघ, १६ आठवडे म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवस, त्याच्या ९० टक्के म्हणजे तुझ्या हातात ९ दिवस. एका संडासापायी त्यातले ६ गेले. तेव्हा लाजू नको, अर्जात स्पष्ट लिही की कमोड असलेली किंवा कमोडची खुर्ची ठेवता येईल अशी जागा पाहिजे. प्लास्टिकची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते, एका शाळेत आम्ही कॉलेजच्या खर्चाने घेऊन दिली, ती अजून तिथं आहे, आता गुडघे दुखणाऱ्या सीनिअर बाई वापरतात.

वर्गाचं काम त्यामानाने सोपं. एका हेडमास्तरांनी मला पाऊण तास सांगितलं की सातवीचा वर्ग वरच आहे, वर्षानुवर्षं वरच आहे. मी म्हटलं सर, वर्ग म्हणजे भिंती की पोरं? पोरांना खाली आणा की. शेवटी पाचवीची पोरं वर आणि सातवीची खाली, सातवीच्या पोरांनीच बाकं उचलली, बिसी ऊटाची म्हणजे दुपारच्या जेवणाची घंटा व्हायच्या आत काम झालं. एक रुपया खर्च नाही. तुझ्या शाळेत पण हेच आधी विचार. तिथं तळमजला रिकामा होत असेल आणि संडासाचं जमत असेल तर फक्त बसचा प्रश्न उरतो.

रॅम्प आहे म्हणाले तर विश्वास ठेवू नको, जाऊन बघ. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. आपल्याकडच्या शाळांना तीन पायऱ्या असतात, समज दीड फूट उंची, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प पाहिजे. प्रत्यक्षात कंत्राटदाराने पाच फुटांत संपवलेला असतो, घसरगुंडीच ती, पोरं मधल्या सुट्टीत त्यावरून घसरतात पण. आणि खानापूरच्या पावसात त्यावर शेवाळ धरलं की कुबडीचं रबर तिथं टिकत नाही. असल्या रॅम्पपेक्षा कठडा असलेल्या तीन पायऱ्या तुला जास्त बऱ्या, हे पण अर्जात लिहायचं, नाहीतर ते "रॅम्प उपलब्ध आहे" लिहून मोकळे होतील.

बसचं म्हणशील तर ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही हे खरं, पण त्यामुळे सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते, आणि पहिली पायरी गुडघ्याएवढी. तिकिटाचा प्रश्न सुटला, पायरीचा तिथंच. दोन बस म्हणजे अशा चार चढ-उतार रोज, संध्याकाळी परत चार. हे असंच लिही, आकड्यात, "मला त्रास होतो" असं नाही. आणि वरच्या अंगाला पावसात बस कधी येईल कधी नाही ते तूच मला सांगशील. माझं मत विचारशील तर जांबोटीची शाळा सोड, हट्ट करू नको, खानापूर गावातली किंवा तुझ्या गावावरून सरळ बस जाते अशी एखादी मराठी शाळा स्वतःच शोध, तिथल्या हेडमास्तरांना भेट, ते तोंडी हो म्हणाले की मग अर्जात शाळेचं नाव घालून दे. ऑफिसला पर्याय शोधायला लावलंस तर महिना जातो. हा अन्याय आहे, वर्गातल्या बाकीच्यांना शाळा शोधावी लागत नाही, मला कळतंय. पण तुझे ९६ दिवस वाचतात.

अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दे. कॉलेजात मराठी चालेल, पण तेच पत्र पुढं बीईओ, डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) यांच्याकडे जोडलं जातं आणि तिथं मराठी कागद टेबलावर पडून राहतो. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, तुझा अर्ज ह्या आठवड्यात इनवर्ड झाला पाहिजे. दोन कॉपी ने, एकीवर शिक्का, तारीख, नंबर घेऊन ये. तोंडी बोललेलं कुणी बोललेलं नसतं. सोबत यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स, आणि जमलं तर हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी ज्यात टक्के नाही तर काम लिहिलंय, जिना किती चढू शकते, उभं किती वेळ राहू शकते. टक्क्याला काही अर्थ नसतो गं, ६५ टक्केवाली दोन जणी माझ्याकडे होत्या, एक वर्गभर फिरायची, एक खुर्चीतून उठायची नाही. कोर्ट पण आता हेच म्हणतंय, ओंकार गोंड ह्या विद्यार्थ्याच्या केसमध्ये १५ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं की नुसत्या टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवायचं नाही, तो कोर्स त्याला करता येतो का ते बघायचं. ती केस मेडिकलची होती, पण तर्क बी.एड.ला पण लागतोच की.

हजेरीत सूट मिळेल का? मी स्वतः ती मागणार नाही आणि मागायला पण सांगणार नाही, वर कारण सांगितलंय. पण दवाखान्याचे, कॅलिपर दुरुस्तीचे दिवस पुढं भरून काढायची परवानगी आधीच लिहून माग. कॅलिपरचा पट्टा तुटला की बेळगावला जाऊन दोन दिवस जातात, हे इंटर्नशिप इन्चार्जला माहितीच नसतं.

आता मार्क. मागितलं म्हणून थेट कुणी कापत नाही, कापले जातात ते ऑब्झर्वेशन शीटमधून, आणि तेही वाईट मनाने नाही. त्या शीटवर रकाने असतात बघ, फळा लेखन, वर्गात संचार, असले. मेथडच्या, म्हणजे तुझा विषय कसा शिकवायचा ते शिकवणाऱ्या सरांनी मागं बसून बघितलं, तू टेबलापाशीच आहेस, दिला संचाराला दहातला चार. माझ्याकडे एक कमी दिसणारी मुलगी होती, इतिहासाची. तिला मागच्या पोरांचे वर झालेले हात दिसायचे नाहीत, म्हणून तिने पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितलं, माझ्या तासाला हात वर करायचा नाही, स्वतःचं नाव घ्यायचं, मी हो म्हटलं की बोलायचं. तिसऱ्या दिवसापासून वर्ग असा चालायला लागला की "बाई, रेश्मा!" "बाई, सागर!" आणि तिला चाळीस आवाज तोंडपाठ. आमच्या सरांनी शेरा काय लिहिला, "हात वर करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष, वर्गात गोंगाट." मी त्यांना चहाला बोलावून विचारलं की सर, रकाना कशासाठी आहे? बाई चालतात का ते बघायला, की बाईंचं लक्ष शेवटच्या बाकापर्यंत पोचतं का ते बघायला? मग त्यांनीच खोडून परत लिहिलं.

तर तू काय कर, पहिल्या लेसनच्या आधी मेथडच्या सरांना भेट आणि सांग की मी वर्गात फिरणार नाही, पोरांना वह्या घेऊन पाच-पाचच्या गटाने माझ्याकडे बोलावणार, खुर्ची टेबलामागं न ठेवता मधल्या वाटेच्या तोंडाशी ठेवणार, फळ्यावर उभं राहून लिहिण्याऐवजी रोल-अप फळ्यावर घरून लिहून आणणार. हे लेसन प्लॅनमध्येच लिही. प्लॅनमध्ये लिहिलेलं केलं तर ती पद्धत, न लिहिता केलं तर ती कमतरता, असा हा सगळा कारभार आहे. आणि थिअरीच्या पेपरला हाताचा त्रास असलेली कुणी मैत्रीण असेल तर तिला सांग, केंद्राच्या गाईडलाइनप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, तीन तासांच्या पेपरला एक तास, पण परीक्षेच्या सकाळी जाऊन मागितलं तर मिळत नाही.

विषय निघालाच आहे तर, एक पूर्ण अंध मुलगी पण होती आमच्याकडे, चिकोडीकडची, कन्नड आणि मराठी दोन्ही ब्रेलमध्ये वाचायची. भारती ब्रेलमध्ये बहुतेक भारतीय भाषांतल्या त्याच अक्षराला तेच टिंब असतात. ती हसून म्हणायची, बाई तुम्ही डोळसांनी पाट्यांवरून भांडत बसा, माझ्या बोटाला क एकच लागतो.

एवढं करूनही प्रिन्सिपलने आठ-दहा दिवसांत लेखी उत्तर दिलं नाही तर? आधी पंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला (गावचा पुनर्वसन कार्यकर्ता) आणि तालुका पंचायतीच्या एमआरडब्ल्यूला (तालुक्याचा पुनर्वसन कार्यकर्ता) गाठ, ही माणसं ह्याच कामाला ठेवलेली आहेत, बऱ्याचदा स्वतः अपंग असतात, आणि त्यांना कुठल्या टेबलावर कागद अडतो ते पाठ असतं. त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या अंगविकल कल्याण अधिकाऱ्यांचं एक पत्र कॉलेजला गेलं तरी नव्वद टक्के वेळा काम होतं, हा माझा अंदाज, आकडा म्हणून धरू नको. त्यानंतर दिव्यांगांसाठीचे राज्य आयुक्त, बेंगळुरूला, तक्रार लेखी पाठवायची. त्यांनी शिफारस केली की संबंधितांना तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. पण तीन महिन्यांत तुझी इंटर्नशिप संपलेली असेल, म्हणून हे मी शेवटी सांगतेय, पहिल्यांदा नाही. कोर्टाची भाषा पहिल्या भेटीत काढू नको, आपल्याकडे लगेच "ही लीडर आहे" असं होतं. अर्जात कलम मात्र लिही, एकदाच, शेवटच्या ओळीत, बारीक.

नवीन शाळा बघायला जाशील तेव्हा शनिवारी जाऊ नको, शनिवारी सकाळची शाळा, सगळं निवांत वाटतं. मधल्या वारी जा आणि बरोबर जेवणाच्या सुट्टीत जा, सगळी पोरं ताटं घेऊन एकदम बाहेर पडतात, पाणी सांडतं, व्हरांडा ओला होतो. त्या वेळी व्हरांड्यातून संडासापर्यंत एकदा चालून बघ, आणि आतून कडी लागते का ते पण बघ.